पाय पसरण्यापुरती जागा

आमच्या घरातलं न्हाणीघर मी स्वतः काढलेल्या नकाशाप्रमाणे बांधलेलं आहे, आणि ते चुकलेलं आहे. इंजिनिअरला फी कशाला द्यायची, म्हणून मी कचेरीतल्या चौकटीच्या कागदावर पट्टीने रेघा ओढल्या. चिऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्यावर लक्षात आलं की स्वयंपाकघरात बरण्यांच्या कपाटाला जागाच ठेवलेली नाही. मग न्हाणीघराची भिंत दीड हात आत घेतली आणि उरलं त्याला निळ्या टाइल्स लावून टाकल्या. त्या वेळी आमच्या आळीत टाइल्सचं न्हाणीघर दुसरं नव्हतं. आलेल्या माणसाला मी चहाच्या आधी ते दाखवत असे.

पुढे आमची अनू झाली. बायकोला आई नव्हती, त्यामुळे बाळंतपण आमच्याकडेच. बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायला कोणी तरी खाडीपलीकडच्या भाट्याची एक बाई सांगितली. सकाळी आठाच्या सुमाराला ती पूल ओलांडून चालत आली. हातात पिशवी, काखेत वीतभर उंचीचा स्वतःचा पाट.

"न्हानी खय हाय?"

मी नेहमीच्या थाटात दार उघडून बाजूला झालो. टाइल्सकडे तिने पाहिलंही नाही. पाट टाकला, लुगड्याचा ओचा खोचला, बसली आणि पाय पसरले. पाय भिंतीला टेकले आणि गुडघे वरच राहिले. मग मान वर करून म्हणाली, "ही कुनी बांधली?"

"मीच," मी विनयाने म्हणालो.

"मंग तुमीच न्हावा हितं. उभ्यानं."

त्या दिवसापासून अनूची आंघोळ मागीलदारी, चादरीचा आडोसा करून, मोकळ्या चिऱ्यांवर झाली. न्हाणीघर पाहुण्यांना दाखवणं मी बंद केलं.

तिला सगळे शेकमावशी म्हणत. न्हाऊ घालून झालं की बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवून ती बाळंतिणीला शेक द्यायची, वावडिंग-ओव्याची धुरी द्यायची. घरभर तो वास दीड महिना मुक्कामाला असे. तिचं स्वतःचं एक शास्त्र होतं. पाणी बोटाने पाहायचं नाही, कोपराने पाहायचं. तेल दुकानातलं नको, घाण्यावरचं हवं. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे बाईचे पाय पुरते सरळ झाले पाहिजेत. बाळ पायांवर पालथं असतं, अंगाला तेल, वरून पाणी. "पाय वाकला का पोर घसरलं," असं ती म्हणे. पोटऱ्यांवर आडवं घातलेलं पोर तिच्या हातात मासोळीसारखं वळवळायचं आणि तरी घट्ट असायचं. मी अनूला एकदा उचललं, तेव्हा मावशी म्हणाली, "भाऊ, फाइल न्हाय ती. मानेखाली हात घाला."

बाळ रडायला लागलं की इतर बायका "नाही गं, नाही गं" करून गप्प करतात. मावशीचं उलटं. ती पाणी ओतता ओतता मोठ्याने सांगायची, "रड गो बाय, मोठ्यानं रड! घर तुझ्या बापाचं हाय, भाड्याचं न्हाय!" हे ऐकून माझी छाती फुगायची. कर्ज माझं होतं, न्हाणीघर चुकलेलं होतं, पण रडायला घर माझ्या मुलीचं स्वतःचं होतं. मी पुढच्या ओटीवर पेपर वाचत बसून त्या रडण्याची वाट पाहत असे.

एकदा बायकोने विचारलं, "मावशी, भाड्याच्या घरात काय सांगता हो बाळाला?"

"थितं काय सांगायचं? थितं पोर रडलं का आईचा हात आधी त्याच्या तोंडावर जातो. दूध मागनं." असं म्हणून तिने अनूला उलटं केलं आणि पाठीवर पाणी ओतलं.

आम्ही हसलो होतो, असं मला आठवतं.

त्या काळी तिला सकाळी पाच-पाच घरं असायची. आमच्याकडून निघायची ती पळतच. पुढे पुढे तीन झाली, दोन झाली, मग मधले महिनेच्या महिने रिकामे जायला लागले. रस्त्यात भेटली की मी विचारायचो, "काय मावशी, डॉक्टरांनी तुमच्या पोटावर पाय दिला वाटतं?" डॉक्टर हल्ली मालिश-धुरीला नको म्हणतात, हे मला ठाऊक होतं आणि आपल्याला ठाऊक आहे ते सांगायची मला खोड आहे.

मावशी म्हणाली, "डाक्टर तेलाला नको म्हनतात वो. पोराला कुठं नको म्हनतात? पोरंच न्हाईत. ह्या नव्या बिल्डिंगी बघा, चार मजले, वॉचमन हाय, लिफ्ट हाय, वर दोरीवर एक लंगोट न्हाय."

तिचा नवरा लवकर गेला. भाट्याला तिचं घर म्हणजे दिराच्या घराची पडवी. एकुलता मुलगा महेश तिथेच वाढला, आयटीआय झाला, मिरजोळ्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला. आठ वर्षं कंत्राटावरच आहे. त्याचं रेश्माशी लग्न झालं. ती बाजारपेठेत कापडाच्या दुकानात उभी असते. आता पडवीत एका बाजूला सासू, मधे ताडपत्री आणि पलीकडे नवं जोडपं, हे किती दिवस चालणार? दोघांनी शहरात खोली शोधायला घेतली, आणि खोली पाहायला मावशी बरोबर.

तिची पाहण्याची पद्धत एकच होती. दिवाणखाना, खिडकी, पाण्याची वेळ, कशाकडेही न बघता ती थेट न्हाणीघरात जायची, जमिनीवर बसायची आणि पाय पसरायची. बहुतेक ठिकाणी तिचे पाय कमोडला लागायचे. "हितं पोर न्हायचं न्हाय," म्हणून ती उठायची, आणि एजंट महेशकडे बघायचा. एका नव्या इमारतीचा नमुन्याचा फ्लॅट बघायला तिने मलाही नेलं होतं, साहेबलोकांशी बोलायला कोणी तरी हवं म्हणून. तिथला टाय लावलेला मुलगा आम्हाला मॉड्युलर किचन दाखवत होता, तेवढ्यात मावशी दिसेनाशी झाली. शोधतो तर बाथरूममध्ये फरशीवर पाय पसरून बसलेली. तो मुलगा घाबरला. "आजी पडल्या!" म्हणून पाणी आणायला धावला.

"पडले न्हाय रे, मापतंय." मग त्याला विचारलं, "हितं कोन ऱ्हातं?"

"सगळे बुक झालेत आजी. मुंबईच्या लोकांनी घेतलेत, इन्व्हेस्टमेंट म्हणून."

"म्हंजे कोन ऱ्हातं?"

"सध्या कोणी राहत नाही."

त्याने फ्लॅटची किंमत सांगितली, तेव्हा महेश हसला. ते हसू परवडत नाही तेव्हाचं असतं. परत येताना मला राहवलं नाही. मी म्हणालो, "महेश, अंथरूण पाहून पाय पसरावेत, बाबा. आम्हीही तसंच केलं." मी माझ्या काळात बिगरशेती जागा कशी मिळाली, सोसायटीचं कर्ज कसं स्वस्त होतं, ते काहीच सांगितलं नाही. म्हण तेवढी सांगितली.

मावशी म्हणाली, "भाऊ, अंथरूण तुमच्या लोकांकडं हाय. आमच्याकडं नुस्ते पायच हायत."

त्याच सुमारास मी माडी चढवली. एक खोली, गच्चीचा तुकडा आणि न्हाणीघर. पहिल्या चुकीची भरपाई म्हणून या वेळी गवंडी लावण्याआधी मावशीला बोलावलं. ती वर आली, आखलेल्या चुन्याच्या रेघेत बसली, पाय पसरले. टाचेपुढे वीतभर जागा राहिली. "ह्याला म्हनतात न्हानी," ती म्हणाली, आणि तिथेच, विटांच्या ढिगात, मला विचारलं, "महेशला देशाल?"

मी दिली. मला फार बरं वाटलं. चांगलं काम करताना भाडंही मिळतंय, असे प्रसंग आयुष्यात थोडे. करार रीतसर केला, अकरा महिन्यांचा, कारण सगळे तसाच करतात. मावशीने तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तिला वाचता येत नव्हतं.

"किती म्हैन्याचा?"

"अकरा. मग परत करू, मावशी. ती एक पद्धत असते."

"पोराला नऊ लागतात, घराला अकरा. मधे दोन ऱ्हातात. त्यात बारसं करायचं का सामान बांधायचं?"

मी हसून म्हणालो, "तुम्ही म्हणजे ना!"

पहिला करार संपला, दुसरा केला. ती दोघं वर राहतात हे कळायचं नाही, इतकी हळू चालायची. रेश्मा जाताना जिन्यावर चपला हातात घ्यायची. मावशी दर रविवारी यायची, वर जाऊन उगाच न्हाणीघर घासून यायची.

आणि मग आमच्या कचेरीतल्या एकाने मला शहाणपण शिकवलं. "अहो, समुद्र दहा मिनिटांवर. मुंबई-पुण्याचे लोक एका रात्रीचे जे देतात, ते तुमचा भाडेकरू आठवड्याचे देत नसेल." त्याने मोबाइलवर खोल्यांचे फोटो दाखवले. माझ्या माडीपेक्षा वाईट होत्या. मी घरी आलो, बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मावशींना मी नाही हं सांगणार. तुम्ही काय ते बघा." यालाच आम्ही दोघांनी होकार मानलं.

करार संपायला महिना होता. एका रविवारी सकाळी महेश खाली आला. पायरीवर उभा राहिला. नवीन शर्ट होता अंगात, हे मला अजून दिसतं. बायको पडवीत तांदूळ निवडत होती.

"भाऊ, एक विचारायचं होतं."

भाडं कमी करा म्हणणार किंवा आणखी वर्ष द्या म्हणणार, असं मी ठरवून टाकलं. मी पिशवी उचलली. "अरे, बाजारात चाललोय, उशीर झाला तर मासे संपतात. संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी मीच आधी बोललो. सीझनपासून वरची खोली लागणार आहे, म्हणालो. कोणाला लागणार ते सांगितलं नाही. तो "बरं, भाऊ," म्हणाला. मी विचारलं, "तू काही तरी विचारणार होतास ना?"

"नाही. तसं काही नाही."

महिनाअखेर ती दोघं मिरजोळ्याला एका चाळीत गेली. टेम्पो मीच बोलावून दिला आणि त्याचं भाडंही मीच दिलं. हे मी तेव्हा चार जणांना सांगितलं होतं.

त्या वर्षी गणपतीला मावशी, महेश, रेश्मा तिघंही आमच्याकडे दर्शनाला आली. घरात माणसं होती, मोदक होते, मी रंगात आलो होतो. रेश्माच्या हातात प्रसाद ठेवताना मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काय गं, सासूला घरचं काम कधी देणार? सगळ्या रत्नागिरीची पोरं न्हाऊ घातली तिने, स्वतःचं नातवंड तेवढं राहिलं!"

चार माणसं हसली. रेश्माने प्रसाद पदरात घेतला, देवाला नमस्कार केला आणि बाहेर जाऊन चपला घालायला लागली. महेश तिच्या मागे गेला.

मावशी मला मागीलदारी घेऊन गेली. जिथे अनूला न्हाऊ घालायची, त्या चिऱ्यांपाशी. तिचा आवाज चढला नाही.

"आलं होतं, भाऊ. तुमच्या माडीवर असताना आलं होतं. दोन म्हैन्याचं."

मी मागचं दार ओढून घेतलं.

"नव्या खोलीवाल्यानं पैल्या दिवशीच सांगितलं, ल्हान पोराचं बिऱ्हाड नको. चौघांत एक नळ, एक मोरी. दुकानात पोट दिसलं का दुसरी पोरगी उभी करतात. दोघांनी बसून ठरवलं नि डाक्टरकडं जाऊन आली. मला मागनं सांगितलं. मी काय बोलनार? पडवीत आन म्हनू?"

"मावशी, मला माहीत असतं तर..."

"व्हय," ती म्हणाली. एवढंच. मग आत जाऊन बायकोला नमस्कार करून, मोदकांचा डबा घेऊन गेली. डबा दुसऱ्या दिवशी घासून परत पाठवला. त्यात रिकामा पाठवू नये म्हणून चार कोकमं घातली होती.

त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. आम्हीही बोलावलं नाही. माडी बरी चालली होती. पाहुणे अभिप्राय लिहायचे, त्यात 'प्रशस्त बाथरूम' असं हमखास असायचं.

मग अनूला दिवस गेले. तिच्या सासऱ्यांनी पुण्यात मुलासाठी आधीच फ्लॅट घेऊन ठेवलेला होता, त्यामुळे त्यांचं सगळं वेळेवर झालं. बाळंतपणाला ती इकडे आली, मुलगी झाली. न्हाऊ घालायला कोण? मी म्हणालो, नर्सिंग होममधल्या एखाद्या बाईला विचारू. बायको रिक्षा करून भाट्याला गेली. काय बोलली ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही. दुसऱ्या सकाळी आठाच्या सुमाराला मावशी आली. हातात पिशवी, काखेत पाट. पूल चालून आली होती आणि गुडघ्यांना हात लावून लावून पायऱ्या चढत होती.

दीड महिना मी वरच्या खोलीचं बुकिंग बंद ठेवलं. मावशी माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची, पाणी गरम नाही म्हणून ओरडायची, शेगडीला चांगला कोळसा आणा म्हणायची. मला वाटायला लागलं की तिने ते मनातून काढलं असावं. माणसाला स्वतःच्या सोयीचं वाटायला वेळ लागत नाही.

शेवटच्या दिवशी मी गरम पाण्याची बादली वर नेऊन ठेवली आणि दाराबाहेर थांबलो. आत मावशी बसलेली, पाय सरळ पसरलेले, टाचेपुढे वीतभर जागा. माझी नात तिच्या पोटऱ्यांवर पालथी. पाणी अंगावर पडलं तशी ती किंचाळायला लागली. अनू म्हणाली, "अगं अगं, गप्प!"

"गप कशाला?" मावशी म्हणाली. पुढची ओळ मला पाठ होती. सव्वीस-सत्तावीस वर्षं मी ती मिरवली होती. "रड गो बाय. मोठ्यानं रड. घर तुझ्या आज्याचं हाय."

एवढंच म्हणाली. 'भाड्याचं न्हाय' हे म्हणाली नाही. तांब्याने पाणी घेतलं आणि ओतलं, परत घेतलं आणि ओतलं. मी जिना उतरून खाली आलो, पेपर उघडला आणि वाचला नाही.

बायकोने तिची खणा-नारळाने ओटी भरली, साडी दिली. जाताना तिच्या काखेत पाट नव्हता. मी आठवण केली, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे वरच. आता मला खय लागनार?"

या पौषात ती गेली. चार दिवस ताप, आणि मग काही नाही. बाराव्याला आम्ही दोघं भाट्याला गेलो. तिचं नाव शेवंती होतं, हे मला तिथे, भटजी बोलत असताना कळलं. महेश सगळ्यांना पाणी देत होता. मिरजोळ्याची खोली सोडून त्यांना वर्ष झालं. आता कुवारबावाला असतात, तिथला करार मार्चात संपतो. रेश्मा आत बायकांत होती. तिने मला बघून डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्यापुढे चहा ठेवला. मी तिला काही तरी म्हणायचं ठरवून गेलो होतो. चहा गोड झालाय, एवढंच म्हणालो.

घरी परतलो. बायको तशीच माडी आवरायला गेली, कारण शनिवारी पाहुणे होते. मी मागोमाग गेलो. न्हाणीघरात मावशीचा पाट होता. त्याच्यावर कोणी तरी विसरलेली शाम्पूची बाटली होती. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याची कोणी मंडळी होती, एका रात्रीसाठी जागा हवी होती. बाईंनी जरा संकोचाने विचारलं, "आमच्याबरोबर पाच महिन्यांचं बाळ आहे. रात्री रडतं कधी कधी. चालेल ना?"

"अहो, चालेल म्हणजे काय!" मी म्हणालो. "बाळाचा कसला त्रास? न्हाणीघरसुद्धा चांगलं मोठं आहे, पाय पसरून बसता येईल एवढं. खुशाल या."

फोन ठेवला. बायकोने पाटावरची बाटली उचलून खिडकीत ठेवली, पदराने पाट पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"त्या रविवारी महेश एवढंच विचारायला आला होता."